धुक्याचे शुद्धिपत्र

आमच्या मासिकाच्या एप्रिलच्या अंकात,
पान बेचाळीस, दुसरा रकाना,
मी लिहिलं होतं : "पलीकडचा काठ धुक्यातून हळूहळू उलगडतो."
ते असं वाचावं :
पलीकडे काठ नव्हता.

डंडीला गेले होते, सकाळच्या गाडीने,
टे नदीवरचा लांबलचक पूल ओलांडून.
बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानावर एक खोली,
दोन टेबलं आणि एकच हीटर,
तो लावायचा तर चहाची किटली काढावी लागे.
इनस लॅमॉन्टने 'पैलतीर' सुरू केला.
होडी, नावाडी, वल्ह्याला लागणारं पाणी,
इतकं खरं की मी बाही वर सारली.
मग नदीच्या मध्यावर धुकं आलं
आणि होडी थांबली.

"सुंदर आहे धुकं," मी म्हणाले.
तो ओशाळला.
"वातावरणासाठी नाहीये ते. त्याच्यामागे अजून काहीच नाही.
हे मात्र छापू नका."
मी नाही छापलं.
मी छापलं : गूढ.

आमच्या धंद्याचं व्याकरण भविष्यकाळात चालतं.
चाळीस गावं असतील.
प्रत्येक उतारूला स्वतःची गोष्ट असेल.
नदी ऋतूंप्रमाणे रंग बदलेल.
'असेल'ला पुरावा लागत नाही,
आणि आमची संपादक म्युरिएल टलॉक
'असेल'चं 'आहे' करून टाकते,
तेवढंच एक अक्षर वाचतं म्हणून.
तुरी अजून बाजारात, आणि मी
वरणाच्या चवीला दहापैकी गुण देऊन मोकळी.

त्या आठवड्यात आकडा चढत गेला.
सहा हजार चारशे बारा जणांनी पैसे दिले
एका न बांधलेल्या काठासाठी.
इनसने फोटो पाठवला : तो आणि रोना टेबलावर उभे,
डोक्यावर कागदी मुकुट.
मीही खूश होते, खोटं कशाला सांगू.

मग त्यांची पत्रं महिन्याला येत, मग तिमाहीला, मग फक्त नाताळात.
रोना एडिंबराला गेली, एका बँकेचं ॲप बनवायला.
आम्ही पुन्हा छापलं : "पैलतीर कुठे आहे?"
तेही मीच लिहिलं.
ते तर जास्त वाचलं गेलं.
प्रश्नचिन्हाचे पैसे
उद्गारचिन्हाएवढेच मिळतात.

आणि ग्रोनिंगेनहून वाउटर हुक्स्ट्राचं पत्र.
आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस.
त्याने साठ पाउंड वर भरले होते,
एका होडीवर बायकोचं नाव लागावं म्हणून.
ती तेव्हा नुकतीच गेली होती.
रागावला नव्हता. एवढंच विचारलं होतं :
"तुम्ही काठ पाहिलात असं लिहिलंय.
कसा होता?"

अकरा दिवस मी इतर पत्रांना उत्तरं दिली.
बाराव्या दिवशी इनसला फोन केला.
तो आता सुपरमार्केटात रात्री माल लावतो.
म्हणाला, "शेवटचं आहे ते पाठवतो,
हसू नका."

तीच नदी. तेच धुकं.
होडी तिथेच थांबते, मध्यावर,
कितीही बटणं दाबा.
पण मी मागे वळले, अलीकडच्या धक्क्याकडे.
तिथे एक हिरवी नाव बांधलेली,
नाळेवर पांढऱ्या अक्षरांत : सीत्स्के.
शेवटच्या अक्षराखाली रंगाचा एक ओघळ,
जो कुणी मागितला नव्हता,
ज्याचे कुणी पैसे भरले नव्हते.

वाउटरला मी तेवढंच चित्र पाठवलं. खाली लिहिलं :
काठ पाहिला नव्हता.
नाव पाहिली, आज.

म्युरिएल म्हणते, सात वर्षांनी शुद्धिपत्र कोण वाचतं?
आणि जागा कुठे आहे?
तरी, पान बेचाळीस, दुसरा रकाना :
'उलगडतो' खोडावं.
धुकं राहू द्यावं.