वजनावर

खेडला पुढचे दोन्ही शॉक बदलले, लोअर आर्मचे बुश नवे,
अकरा हजार चारशे, पावती डॅशबोर्डच्या खणात,
आणि फुरूस मागे पडलं तोच
कुठेतरी
कर्र, टक्.

आधी वाटलं, डब्यातला चमचा.
मग वाटलं, डिकीतला जॅक.
दोन्ही घरी काढून ठेवले.
आवाज गाडीतच राहिला.

माझा डावा कान पाचवीत असताना गालगुंडात गेला.
एका कानाच्या माणसाला आवाज येतो,
आवाजाचा पत्ता येत नाही.
कुणी हाक मारली की मी सगळीकडे वळतो,
भरती संपून ओहोटी लागायच्या मधल्या घटकेत
नांगरलेली होडी उगाच फिरते, तसा.

म्हणून कान उसने घेतले.
पिग्मीचा धंदा, हर्णै ते केळशी,
दिवसाला सत्तावीस दारं, दहा, वीस, क्वचित पन्नास,
आणि आता वर एकेक कान.

सुंदरा पावसे बर्फाची पेटी मांडीवर घेऊन मागे बसली.
पाजपंढरीच्या चढाला म्हणाली,
उजवीकडं. कोणतरी सुपारी कातरतंय.
खांबेटे गुरुजींनी आडखळच्या पुलावर काच खाली केली,
डोळे मिटले,
डावीकडे, निःसंशय, म्हणाले,
आणि पट्टी जरा उतरलेली आहे.
उटंबरचा गिरणीवाला आत बसलाच नाही.
नुसता माझ्याकडे बघून म्हणाला,
गाडीत आहे कशावरून?

वहीत रकमांच्या शेजारी नवा रकाना आखला :
गतिरोधकावर, येतो. वाळूवर, नाही.
सकाळी गार असताना, जास्त.
मी एकटा असताना, जास्त.
ही शेवटची नोंद खोडली.
मग पुन्हा लिहिली.

शेवटी जालगावात लियाकत पेटकर,
फणसाखाली चार पत्रे, तेच गॅरेज.
त्याने बॉनेट उघडलंच नाही.
ताहिरला, पोराला, डिकीत आडवं घातलं,
आणि स्वतः मडगार्डवर तळवा टेकून
माझ्या पहिल्या गिअरच्या बरोबरीने चालत राहिला
रस्त्याच्या कडेने, लुंगी सावरत.
हाताला ऐकू येतं, म्हणाला, कान फसवतात.

मग गाडीखाली शिरला. मलाही बोलावलं.
लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक लोअर आर्मच्या बोल्टाला,
मूठ माझ्या कानामागच्या हाडाला,
नेमकी डाव्या. त्याला काय माहीत.
वरून ताहिरने गाडी दाबली
आणि तीस वर्षांनी डाव्या बाजूने काहीतरी आत आलं.
आत येऊन वाजलं उजव्याच कानात म्हणा,
पण दार डावं होतं.
मी तसाच पडून राहिलो,
पाठीखाली फणसाची पानं, नाकात ग्रीस.
पुन्हा दाब, म्हटलं. पुन्हा.

हवेत आवळलाय, लियाकत म्हणाला.
गाडी जॅकवर, चाक लोंबतंय, आणि त्याने बोल्ट गच्च केला.
आता ती जमिनीवर आली तरी
रबराला वाटतंय, आपण अजून लटकलेलेच.
पिळवटून बसलंय बिचारं. ओरडेल नाही तर काय.

काही बदललं नाही त्याने.
बोल्ट सैल केला,
चाकं फळ्यांवर घेतली, मागे नारळाची दोन पोती,
मला स्टिअरिंगपाशी बसवलं.
नुसतं बसा, म्हणाला, घरी बसता तसं. पूर्ण वजन सोडा.
मी सोडलं वाटलं.
अजून, म्हणाला.

मग खालून पान्याचा एक लांब कण्ह,
आणि झालं. दीडशे रुपये.
वर ताहिरच्या नावाने रोजचे वीस, आजपासून.

दुसऱ्या दिवशी सुंदरा मागे बसली
आणि सवयीने पाजपंढरीपर्यंत मान तिरकी करून ऐकत राहिली.
बर्फ तेवढा वितळत होता, थेंब थेंब, मॅटवर.
गेला वाटतं, म्हणाली.
उतरताना वीस रुपये काढले, मोजले,
देता देता थांबली :
चुकल्यासारखं होतंय मेलं.