गियर उजव्या हाताला

शारजात आलो तेव्हा पहिले दोन महिने
माझा डावा हात गियर शोधत
दारावर आपटायचा.
कराड-चिपळूण बारा वर्षं ट्रक चालवलेला माणूस,
गोल चौकात येऊन नुसता उभा राहायचा
नि मागचे हॉर्न वाजवायचे.
मंद म्हणालं नाही कुणी मला.
म्हणाले, होईल सवय, शिंगटे.

मेघाला मात्र दुसरीतच म्हणाले.
म्हणजे तसं तोंडावर नाही,
इंग्रजीत, कागदावर, शिक्का मारून.
तो कागद मी गाडीच्या खणात ठेवलाय,
मुल्कियाच्या खाली.

तिला शाळेत इंग्रजी डावीकडून,
अरबी उजवीकडून,
शनिवारी मंडळाच्या वर्गात मराठी, वर रेघ देऊन.
बी वळली की डी होते.
बेच्या पोटाखाली एक ठिपका, तेच्या डोक्यावर दोन,
ते ठिपके तिच्या वहीत चिलटांसारखे उठतात
नि भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात.

पाऊस नसलेल्या मुलखात जन्मली
म्हणून आबांनी फोनवरनं नाव ठेवलं, मेघा.
ती लिहिते, मेधा.
रेघ जरा तुटते, एवढंच.
मेधा म्हणजे बुद्धी गं, मी बायकोला म्हणालो,
तिनं हसावं म्हणून.
तिनं चपाती उलटली.

अल नहदाला तिसऱ्या मजल्यावर मिस सुहा.
फरशीवर निळी चिकटपट्टी,
तिच्यावरनं चालायचं, टाचेला अंगठा लावत.
मग उजवा हात डाव्या गुडघ्याला.
इथं मेघा थांबते.
अंगाच्या मधोमध कसलीशी भिंत असावी,
हात तिच्यापर्यंत जातो
नि काहीतरी विसरल्यासारखा परत येतो.
वाटाण्याची पिशवी फेकली की डोळे मिटते,
पिशवी पडल्यावर ओंजळ करते.

मी विचारलं, पट्टीवरनं चालून वाचता येईल का हिला?
आमच्या धंद्यात आडून विचारत नाहीत.
मिस सुहा म्हणाली, चालून चालता येईल.
वाचण्यासाठी वाचावंच लागतं,
एकेक आवाज सुटा करून, रोज, थोडं थोडं.
पण पडायची भीती गेली
तर खुर्चीत जरा जास्त वेळ बसेल.

तेवढ्यावर आम्ही जातो. सोमवार, बुधवार.

रात्री टाळ्या वाजवतो.
मे. घा. दोन.
शा. र. जा. तीन.
शेजारचा बंगाली भिंतीवर ठोकतो, ती चौथी.
मेघा म्हणते, त्याला मोजायचं नाही.

माझ्या शिकाऊ गाडीत माझ्याही पायाखाली ब्रेक असतो.
फैसलाबादचा एक सुतार पाचव्यांदा नापास झालाय,
घाबरला की डावं म्हटलं तरी उजवीकडे वळतो,
आणि दरवाजे असे बनवतो की फटीत केस जायचा नाही.
त्याला मी ओरडत नाही. ब्रेक दाबतो.
घरी वहीसमोर बसलो की
माझा पाय टेबलाखाली
नसलेला ब्रेक दाबत राहतो.

परवा धुळीचं वादळ येऊन गेलं.
गाडी पिठात लोळल्यासारखी.
मी आत बसून एसी चालू करत होतो
तर मेघा बाहेरनं बॉनेटला रेलली,
काचेवर बोट टेकवलं,
जीभ ओठाच्या कोपऱ्यात,
नि हात सगळी काच ओलांडत
या टोकापासून त्या टोकाला गेला.
मधे थांबला नाही.
हे मी बघितलं. हे नक्की बघितलं.

मग तिनं खूण केली: वाच.

आतून सगळं उलटं.
मात्रा भलतीकडे, काना आधी,
रेघ कुठनं सुरू होते कळेना,
मी ओठ हलवत, बोट लावत बसलो,
एक अक्षर धरलं की दुसरं सुटायचं.
बाहेर ती उन्हात उभी होती.
घाई करत नव्हती.

तुटलीय का ती रेघ?
काचेला डोळे लावले तरी सांगता येईना.
थांब, म्हणालो, वाचतोय.