जुन्या फ्रिजमधला धूर

हा फ्रिज आईच्या स्वयंपाकघरात तेवीस वर्षं गुरगुरला.
मग एका उन्हाळ्यात गप्पच झाला.
हॅल्वरने त्याला ट्रॅक्टरमागे बांधून गोठ्यापल्याड नेलं,
आतलं सगळं प्लास्टिक खरवडलं,
वर भोक पाडलं, खाली चुलीचा पाइप जोडला.
"जन्मभर कुडकुडलाय बिचारा," म्हणाला,
"आता जरा शेकू दे."

दाराच्या आत, जिथे पूर्वी अंडी असायची,
तिथे गुरांवर खुणा करायच्या खडूने लिहिलेलं अजून दिसतं:
पाच पौंडाला मीठ दोन चमचे.
त्याखाली माझ्या अक्षरात: दीड.
त्याखाली पुन्हा त्याचं: दोन.
आणि दोनखाली दोन रेघा.

गाय शेवटची. सत्तेचाळीस नंबरची,
कुंपण मोडण्यात पटाईत.
बाकीचा कळप सहा वर्षांपूर्वी लिलावात गेला,
माझ्या सहीने.
ही तेवढी ट्रकवर चढेना. राहू दे म्हटलं.
हॅल्वर त्या दिवशी आवारात आला, गाडीतून उतरला नाही.
काचेआड बसून एकेक गाय मोजत होता,
ओठ हलताना मला दिसत होते.
तेव्हापासून तो मैलभर पलीकडे राहतो.
त्याच्या खिडकीतला दिवा
माझ्या आधी कधी विझत नाही.

म्हातारी गाय. चरबी नाही,
जर्कीला याहून चांगलं मांस नाही.
मांडीचा गोळा फ्रीझरमध्ये दोन तास,
अर्धवट गोठला की सुरी सरळ चालते.
आडवं कापलं तर मऊ: आईचे दात गेले तेव्हा आम्ही तसं कापायचो.
रेषेबरोबर कापलं तर चिवट, अर्धा दिवस गालात राहील असं.
हॅल्वर रेषेबरोबर कापायचा.
मी आडवं कापणार होते.
सुरी वळली.

सोया सॉस, लसूण, भरडलेली मिरी,
ओलसर तपकिरी साखर, मूठभर.
मीठ दोन चमचे. सपाट, मोजून.
कुणी बघत नव्हतं.

मग रात्रभर मुरू द्यायचं.
मुरणं म्हणजे काय ते
मला नका सांगू.

सकाळी आधी ओव्हनमध्ये, एकशे साठ डिग्री फॅरनहाइट,
मांसाच्या आत, थर्मामीटर खुपसून.
हे कौंटीच्या कचेरीतल्या बाईंनी शिकवलं.
हॅल्वर त्यांना हसायचा, मग गुपचूप
थर्मामीटर त्यानेच आणला.
नंतर जाळीवर पट्ट्या, एकमेकींना न चिकटता,
आणि खाली सफरचंदाचं लाकूड,
वादळात पडलेल्या झाडाचं, दोन हिवाळे सुकलेलं.

पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड गुदमरतंय,
मांस कडू होणार. हवा द्या.
धूर निळा हवा, इतका पातळ
की आहे का नाही अशी शंका यावी.
दुपारी वारा फिरला
आणि तो निळा धूर कुंपण ओलांडून
सरळ पूर्वेला गेला, मैलभर.
मी काही वाऱ्याला सांगितलं नव्हतं.

तयार झाली की नाही हे असं बघायचं:
पट्टी गार होऊ द्या, मग वाकवा.
चिरली पाहिजे,
चिरेत पांढरे धागे दिसले पाहिजेत,
तुटता कामा नये.
मी अकरा पट्ट्या वाकवून बघितल्या.
एकीवर भागलं असतं.

संध्याकाळी त्याच्या पत्रपेटीला पिशवी अडकवली
आणि गाडीचे दिवे न लावता परत आले,
चोरासारखी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी.

चार दिवसांनी पिशवी माझ्या पत्रपेटीत.
रिकामी, धुतलेली, चौकोनी घडी घातलेली.
वर मार्करने दोन शब्द:
मीठ कमी.

दोन चमचे होते, हॅल्वर.
दोन!
रस्त्यावर उभी राहून मी मोठ्याने म्हणाले,
एक ससा पळाला.

मग गोठ्यामागे गेले. खडू सापडायला वेळ लागला.
फ्रिजचं दार उघडलं, अजून धुराचा वास होता,
आणि त्याच्या दोन रेघांखाली लिहिलं: अडीच.

खाली बरीच जागा आहे अजून.