कलम सहा, पोटकलम तीन

फेब्रुवारीत डुलुथचं सरोवर असं गोठतं
की खनिजाची जहाजं धक्क्याला बांधून
माणसं घरी बसतात
आणि हॉटेलं स्वस्त होतात.
म्हणून समितीने डुलुथ निवडलं.
सात कंपन्या, अकरा माणसं, कॉफीचं एक यंत्र,
आणि मी, इतिवृत्त लिहायला.

प्रश्न साधा होता.
चालू प्रोग्रॅमच्या पोटात एक जहाज असतं,
जहाजाला खण, खणात माल,
मालाला मालक,
सगळे एकमेकांचं बोट धरून.
प्रोग्रॅम मिटला की सगळे मिटतात.
त्यांना टिकवायचं कसं?
आणि तेही असं, की सातांपैकी
कुणाच्याही कपाटात ठेवा,
उद्या दार उघडलं की बोटं धरलेलीच दिसावीत.

व्हर्ना हॉल्वर्सन म्हणाली,
आज आपण काय करतो?
विणलेला स्वेटर रोज रात्री उसवतो,
लोकर रंगारंगाने वेगळ्या खणांत गुंडाळतो
आणि सकाळी थंडी वाजली
की पुन्हा टाके घालायला बसतो.
बाकीच्यांनी माना डोलावल्या.
तिच्या अंगात स्वेटर होता.

मग दोन दिवस एकाच शब्दाचा कीस.
आयमो लेहतोला म्हणत होता:
मुळाला हात लावा. तिथून
बोट धरत धरत जिथवर जाता येतं
ते सगळं टिकेल.
जिथे पोहोचता येत नाही, ते जाऊ द्या.
प्रॉस्पर डेलाक्वा टेबलावर पेन आपटत होता:
टिकवायचं ते नाव घेऊन सांगा.
कुणीतरी चुकून हात धरला
म्हणून कुणी अमर होता कामा नये.
मी लिहिलं: चर्चा झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एक गोम निघाली.
दोन जहाजं. वजन तेच, लांबी तीच,
बांधणीचं साल तेच, रंगसुद्धा तोच.
ती एक मानायची की दोन?
एकेक रकाना जुळत असेल तर, डेलाक्वा म्हणाला,
फरक उरतो कुठे?
लेहतोला म्हणाला, मी जुळा आहे.
एवढंच म्हणाला.
ठराव एकमताने मंजूर.

संध्याकाळी वीज गेली.
कलम सहा, पोटकलम तीन,
दुपारभर घासून पुसून लखलखीत केलेलं,
ज्या संगणकावर होतं
त्यावर ते कुणी जतन केलं नव्हतं.
टिकवण्याबद्दलचं कलम!
अंधारात आधी डेलाक्वाच हसला.
मग मेणबत्तीच्या उजेडात
मी माझ्या लघुलिपीतून वाचत गेले,
व्हर्ना हाताने उतरवत गेली.
एका ठिकाणी माझी खूण पुसट होती,
'ठेवावे' की 'सांभाळावे'.
मी 'सांभाळावे' म्हटलं.
कुणी हरकत घेतली नाही.
छापून आलं ते तेच.

पुढे सातातल्या दोन कंपन्या बुडाल्या,
एक विकली गेली, एकीने
आपण कधी डुलुथला आलोच नव्हतो असा आव आणला.
कलम पूर्णपणे पाळलं कुणीच नाही.
समितीने शेवटचा ठराव केला, स्वतःच्या विसर्जनाचा.
त्याचं इतिवृत्तही मीच लिहिलं,
दीड पान.

गेल्या मंगळवारी धक्क्याच्या कचेरीतून
कोल्बी स्टेनरूद नावाच्या पोराचा फोन.
जुना डेटाबेस रिकामा करतोय, म्हणाला,
कागदावर तुमचं नाव सापडलं.
आत 'मार्था एलिंग' नावाचं जहाज आहे.
ते तर मोडीत निघालं
मी पाळण्यात होतो तेव्हा.
'सांभाळावे' म्हणजे नक्की काय हो?
काढून टाकू का?

मी म्हटलं, आधी बघ,
कुणी त्याला धरलंय का.

बराच वेळ नुसती कळफलकाची टकटक.
खिडकीबाहेर बर्फ फोडणारी बोट
मागे जात होती, पुन्हा पुढे येत होती.

एक बिल आहे, तो म्हणाला.
दोरखंडाचं. अठरा डॉलर.
न भरलेलं.