कुणावर गेली

नारीनच्या बाजारात, चांभाराच्या दुकानाला लागून माझा स्टुडिओ.
मागे पडदा: इसिक-कूलचं तळं, मीच रंगवलेलं,
त्यातला एक हंस जरा लठ्ठ झालाय.
एकतीस वर्षं मी चेहरे सुधारतोय.
पासपोर्टचे, लग्नाचे, थडग्यावर लावायचे.
मस घालवतो, मान सरळ करतो,
मेलेल्याला थोडं हसवतो,
घरचे सांगतील तेवढंच.

आयझिरेक जन्मली तेव्हा शेजारणी आल्या
आणि नेहमीसारखी वाटणी सुरू झाली.
हनुवटी बापाची. कपाळ आजीचं.
डोळ्यांपाशी येऊन सगळ्या थांबल्या.
ही कुणावर गेली गं?
कुणीतरी म्हणालं, चहा निवतोय.

चार वर्षं झाली, तिला शब्द फुटेनात.
डोलोनची खिंड ओलांडून सहा तास, बिश्केक.
डॉक्टर चोलपोनाई म्हणाल्या, फोटो आणा,
लहानपणापासूनचे, जेवढे असतील तेवढे.
आणा म्हणे! मी अख्खा अल्बम नेला,
प्रत्येक वाढदिवस, कोपऱ्यात सोनेरी शिक्का.

यंत्रानं एकेक चेहरा मोजला.
डोळ्यापासून डोळा, नाकापासून ओठ,
शिंपी मापं घेतो तसा, टाचणी न टोचता.
आणि म्हणालं: विशेष काही नाही.
डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं,
मग मुलीकडे, ती खुर्चीखालची चाकं फिरवत होती,
मग माझ्याकडे.
तुमचा धंदा काय?

मी सांगितलं. सांगताना मान खाली.
भुवईचं टोक तुटक होतं, मी जोडलं होतं.
पापणीचा खालचा कोपरा बाहेर उलटायचा, मी आत घेतला होता.
कान लहान केले होते.
वाईट हेतू नव्हता हो,
कुणाच्या मुलीचे केले नसते?

शेवटी कालीमाच्या फोनात एक सापडला.
आजीनं पिठाच्या हातांनी काढलेला, जरासा हललेला,
आयझिरेकच्या कवेत कोकरू, नजर थेट समोर.
यंत्र थबकलं नाही.
यादी आली. सगळ्यात वर
दोन परक्या आडनावांचं, मधे रेघ असलेलं नाव.
शंभरात एकाहत्तर.

हा निकाल नव्हे, डॉक्टर म्हणाल्या,
हे नुसतं बोट दाखवतंय.
आपल्याकडचे चेहरे याला फार कमी शिकवलेत,
तेव्हा एकाहत्तरालाही सांभाळून घ्या. ठरवेल ते रक्त.
मग आई-बापांनी परवानगी दिलेले काही फोटो दाखवले.
चिलीचा एक मुलगा. फिनलंडची जुळी नसलेली दोन.
जपानची एक, फ्रॉकवर डाग.
माझ्या थोरल्या मुलापेक्षा
ही सगळी तिची सख्खी भावंडं.
म्हणजे इतकी वर्षं
आम्ही चुकीच्या घरात शोधत होतो.

सात आठवड्यांनी पत्र आलं.
एका लांबलचक शब्दात एक अक्षर बदललेलं, एवढंच.
औषध नाही. हृदय दरवर्षी तपासायचं, ऐकू येतं का पाहायचं.
बोलेल, उशिरा.
बुरुलचानं पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.
चौथ्यांदा म्हणाली, आणि घसरल्याचं?
कसलं घसरणं?
सहाव्या महिन्यात, विहिरीवर, बर्फात.
चार वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.
मी पुन्हा वाचलं. त्यात घसरल्याचं काही नव्हतं.

परवा रात्री जुन्या निगेटिव्हांची पेटी काढली.
अठ्ठ्याण्णव सालचा एक मुलगा, कोचकोरचा,
शाळेच्या दाखल्यासाठी आला होता. आई म्हणाली होती,
डोळे जरा नीट कर, मास्तर हसतात.
कापसावर स्पिरिट घेऊन
मी माझीच पेन्सिल पुसली.
खालून ती सावली आली,
पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात,
जशीच्या तशी.

पाकिटावर आडनाव आहे. गाव आहे.
तो आज तिशीपार असेल, असला तर.
दोन दिवस पाकीट गल्ल्यावर पडून आहे.
गिऱ्हाईक येतं, मी ते सरकवतो,
गिऱ्हाईक गेलं की परत मधे ठेवतो.
मी यंत्र नाही. मी फोटोग्राफर आहे.
कोचकोरची गाडी सकाळी सातला सुटते.