दादरच्या कडब्याचा रंग

अडावदला, स्टँडमागे, आबाचा भाता होता.
ट्रकचा मोडका कमानपाटा तोडून
तो केळी कापणाऱ्यांचे कोयते घडवायचा.
रेडिओतला एक लोहचुंबक तारेला टांगलेला.
लाल पातं त्याच्याजवळ नेलं
आणि त्यानं ओढलंच नाही,
की आबा म्हणायचा, आता ते कुणाचंच नाही,
बुडव.

पाणी थंडगार नको. उनपदेवाच्या कुंडाचं असतं तसं,
पायाला सोसवेल एवढं.
एक चुर्र, एक वाफ,
आणि बादलीतून वर येतं करडं काहीतरी
ज्याच्यावरून कानस घसरते, काचेवरून घसरावी तशी.
लोकांना वाटतं, काम संपलं.
मलाही वाटलं.
मी तेरा वर्षांची, शाळेत गॅदरिंग,
आबा चोपड्याच्या बाजाराला गेलेला.

तो कोयता जुम्मा तडवीनं नेला.
तिसऱ्या दिवशी दोन तुकडे वर्तमानपत्रात बांधून आणले,
मनगटाला फडकं.
घडावर मारलाच नव्हता, म्हणाला,
बांधावरच्या दगडाला नुसता लागला.
मोडल्या जागी साखरेसारखे बारीक दाणे.
त्यावरून बोट फिरवत
एवढंच बोलला:
"काच करी टाकी वं पोरी."

आबानं मारलं नाही.
पाणी दिलेला दुसरा कोयता हातात ठेवला,
विटेवर घासून चकाकी आणायला लावली,
आणि पाठीकडून निखाऱ्यावर धरायला.
बघ, म्हणाला. बोलू नको.

बराच वेळ काहीच नाही.
मग पाठीशी दादरच्या कडब्याचा रंग,
त्याच्या मागून वाळल्या केळपानाचा,
त्याच्या मागून जांभूळ खाल्लेल्या जिभेचा,
सगळे धारेकडे सरकत,
ओट्यावरून ऊन सरकतं तसे.
धारेवर केळपान पोचलं की काढ.
निळं स्प्रिंगला चालतं,
धारेवर आलं तर तो कोयता
भाजी चिरायलाही कुणी नेत नाही.

आता मी जळगावला, एमआयडीसीत.
इथं भट्टीला आकडे आहेत:
आठशे चाळीस, तेल, मग दोनशे वीस, दोन तास.
तुकडा कापते, आरशासारखा घासते, आम्लाचा एक थेंब,
आणि सूक्ष्मदर्शकाखाली
सावकाश निवालेल्या पोलादात नांगरटीचे तास,
काळा, पांढरा, काळा,
घाई नसलेल्या माणसाच्या शेतासारखे.
पाणी दिलेल्यात सुया.
नुसत्या सुया, एकमेकींत घुसलेल्या,
बाहेर पडायला सवड न मिळालेला कार्बन
जिथल्या तिथे कोंडलेला.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भिंगावरून डोळा काढला
आणि उगाच मनगट चोळलं.

रात्रपाळीला भूषण धावत येतो.
"मॅडम, रॉकवेल बासष्ट! गाडी उभी आहे, भरू?"
बासष्ट म्हणजे सुयाच.
परत घाल, म्हणते. दोन तास.
तो घड्याळाकडे बघतो, मग माझ्याकडे.
माझ्या ड्रॉवरमध्ये अर्धा कोयता आहे,
तो मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

भट्टीचं दार लागतं.
आत रंग दिसत नाहीत, नुसता आकडा हळूहळू चढतो,
एकशे चाळीस, एकशे साठ.
बाहेर ट्रकवाला हॉर्न देतो.
देऊ दे.
कडबा अजून यायचाय.