बावीस किलो

फाटकापाशी काटा टांगलेला असतो.
आधी ओझं जोखतात, मग आम्हाला.
बावीस किलो. वर एक डबा चढला
तरी रखवालदार काढून बाजूला ठेवतो.
माझं नाव इथुंगू.
आमच्या कोंझो लोकांत नाव म्हणजे क्रमांक.
मी पाचवी मुलगी, एवढंच ते सांगतं.

ऱ्वेन्झोरीच्या माथ्यापर्यंत जाऊन येऊन आठ दिवस.
पहिल्या दिवशी केळीच्या बागा,
कुंपणावरून हात हलवणारी शाळेतली पोरं.
मग बांबू. मग झाडांना लोंबणारी करडी दाढी,
आणि मग चिखल.
चिखल म्हणजे असा की
गमबूट ठेवून घेतो, पाय तेवढा परत देतो.
गवताच्या एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर उडी,
कपाळावर पट्टा, पट्ट्याला लटकलेलं
कुणाचं तरी अंथरूण, कुणाचं तरी जेवण,
आणि एक जाडजूड कादंबरी
जी आठ दिवसांत कुणी उघडत नाही.

या खेपेला वाल्ट्राउड आहे, ग्राझची,
एकसष्ट वर्षांची, दातांची डॉक्टर.
मी हसले की ती माझी दाढ बघते.
"ही काढून टाक," म्हणते,
आणि धापा टाकत दगडावर बसते.
मी म्हणते, आधी तू श्वास घे.
तिला माझी भाषा कळत नाही, पण ती श्वास घेते.

सातव्या वेळी आले आहे मी शेवटच्या तळावर.
सातव्या वेळी इथंच थांबणार.
पुढे बर्फ, पुढे दोर,
पुढचे पैसे वाटाड्यांचे.
रात्री दोनला दिवे वर चढू लागतात,
चार दिवे, मग तीन दिसतात, मग धुकं.
मी आणि स्वयंपाकी म्बुसा
चुलीपाशी बसून पातेल्यात बर्फ वितळवतो.
म्बुसा म्हणतो, त्याचा बाप पाणी इथूनच न्यायचा,
तेव्हा बर्फ या दारापर्यंत होता.
आता पर्वत तेवढाच आहे,
त्याच्यापर्यंतची वाट लांबली आहे.

दुपारी ती उतरते, ओठ फुटलेले, डोळे सुजलेले.
काय दिसलं? काहीच नाही.
एक पाटी आणि पांढरं.
मग ती हातमोजा काढते
आणि माझ्या तळहातावर एक खडा ठेवते,
माथ्यावरचा, काळा, चिंचोक्याएवढा.
तू कधीच वर गेली नाहीस ना, म्हणून.

तिला कसं सांगू?
आम्ही वर गेलो नाही, पण पर्वत एकदा आमच्याकडे आला होता.
मे महिन्यातली रात्र,
न्याम्वाम्बा नदीला एवढा आवाज कधीच नव्हता.
हत्तीएवढे दगड अंगणातून चालत गेले.
स्वयंपाकघर गेलं, दोन शेळ्या गेल्या,
आणि आई काळोखात आम्हाला मोजत होती,
मोठ्यानं, क्रमानं:
मसिका. ओ.
बीरा. ओ.
काबुघो. ओ.
म्बाम्बू.
म्बाम्बू.
मग किती तरी वेळानं, इथुंगू.
मी ओ दिली.
तरीही मी पाचवीच राहिले.
आमच्यात मधली गळाली तरी
आकडा पुढे सरकत नाही.

सकाळी दगड दारात बसलेले होते,
शांत, पाहुण्यांसारखे.
त्यातल्या एकावर आई अजून कपडे वाळत घालते.

मी खडा घेतला.
सवयीनं हातात जोखला, काहीच भरला नाही.
वाल्ट्राउडला म्हटलं, छान आहे.
ती रडू लागली, बहुतेक थकव्यानं.
मी तिला कोमट पाणी दिलं.

उतरताना पाठ हलकी असते,
जेवण संपलेलं, रॉकेल संपलेलं,
कादंबरी तेवढी शिल्लक.
खिशात खडा मांडीला लागत राहतो
प्रत्येक उडीला.
फाटकापाशी काटा वाऱ्यानं हलतोय.
खाली येणाऱ्यांचं
कुणी वजन करत नाही.